पावलांना टाकी

खापरवाडीत कुणाच्या घरचं पीठ भरड पडायला लागलं की बायनाबाईचं नाव निघायचं, आणि पीठ पुन्हा मऊ पडायला लागलं की गाव ते नाव विसरून जायचं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण काही खापरवाडीनं काढलेली नाही, पण गावात ती चांगली वापरात होती. बायनाबाईलाही त्याचं फार वाटत नसे. तिचा धंदाच तसा होता. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत होते, दाणा नुसता फिरत राहतो. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्या तळीवर बारीक बारीक ठिपके पाडावे लागतात, म्हणजे दगडाला पुन्हा दात येतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. बायनाबाईच्या घरी हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. गाढवावर बिऱ्हाड घालायचं, गावाबाहेर उतरायचं, जात्यांना टाकी लावून झाली की पुढचं गाव.

तिचा नवरा सटवा नेमका खापरवाडीत उतरले असताना वारला. ताप आला आणि गेला माणूस. मयत उचलायची वेळ आली तेव्हा गावातली चार जाणती माणसं ओढ्यावर आली आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "याचं गाव कंचं?" बायनाबाईला सांगता येईना. जन्मला एका गावाच्या वेशीवर, लग्न दुसऱ्याच्या, पोरं झाली आणि गेली ती तिसऱ्याच्या. "मंग आमच्या मसणवाट्यात कसं जमंल?" ती माणसं म्हणाली. आवाज चढवून कुणी बोललं नाही, शिवी दिली नाही. दिरांनी सटवाला ओढ्यापलीकडच्या बरड माळावर नेलं. लाकूड पुरतं मिळालं नाही, त्याचं जे व्हायचं ते झालं. ते बायनाबाईनं बघितलं. दीर गाढवं घेऊन पुढं गेले आणि ही मात्र ओढ्याच्या काठावर खोपट घालून तिथंच राहिली. का राहिलीस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "पाय दुखत्यात." खरं कारण एवढंच होतं, की आपण मेल्यावर कुणी 'हिचं गाव कंचं' असं विचारू नये. बाकी तिला जगाकडून फार काही नको होतं.

आता ह्या गोष्टीला वाट होती, ती सोसायटीतून.

बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांच्याच जिभा कोरड्या पडल्या, तेव्हा खापरवाडीनं मजूर सहकारी सोसायटी काढली. चेअरमन भगवानराव. गडी बोलायला गोड आणि चालायला पुढं. कलेक्टरच्या हाफिसात चार खेपा घालून त्यांनी ओढ्यावरचा पाझर तलाव सोसायटीच्या नावावर आणला. ज्यांच्या बायकांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय दिला नव्हता, त्या आता डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या. नियम असा, की सभासदाच्या घरची माणसं आधी कामावर, जागा उरली तर बाकीचे. खायला सरकारी सुकडी मिळायची, तीही कामावरच्यालाच. आणि आणखी एक रीत पडली होती. सोसायटीनं ओढ्यातल्या बाभळी तोडून ढीग लावून ठेवला होता. सभासदाच्या घरी कुणी गेलं, तर लाकडं सोसायटीची आणि जागा गावची. हे पोटनियमात कुठंच नव्हतं, पण चालायचं, आणि बायनाबाईचं सगळं ध्यान त्या ढिगावर.

तिनं त्रिंबकला विचारून बघितलं. त्रिंबक सोसायटीचा सचिव, शाळा अर्धी सोडलेला, पण नियमात पक्का.

"सभासद गावचा रहिवासी पायजे," तो म्हणाला.

"मी काय तळ्यात ऱ्हाती का? कवाची हितंच हाय की."

"ऱ्हायलीस म्हणून रहिवासी होत न्हाई बायने. पावना म्हयनाभर ऱ्हायला म्हणून घरचा होतो का? तुजं मूळ गाव सांग, तिथल्या सोसायटीत बघ."

तिला मूळ गाव असतं तर ती त्रिंबकच्या दारात कशाला आली असती? पण हे त्रिंबकला सुचायचं नव्हतं. ती उरल्या जागेवर, मिळेल त्या दिवशी, खडी फोडत राहिली.

तलावाच्या बांधाचा पाया घ्यायला ओढ्यात आडवा चर खोदत होते. वरची माती गेली, मुरूम गेला, मग काळा फत्तर लागायचा तो लागेना. त्याच्याऐवजी राखाडी रंगाची एक सपाट फरशी लागली. दगड म्हणावा तर मऊ, माती म्हणावी तर टिकाव उडवणारी. तिचे पापुद्रे निघायचे, वहीची पानं निघावीत तसे. ती झाडून काढली तेव्हा तिच्यावर ठसे दिसले. तीन बोटांचे, सुपाएवढे, एकापुढं एक, चराच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडं चालत गेलेले. कुणी म्हणालं गरुड, कुणी म्हणालं मोठाच्या मोठा मोर असंल. एकदोघींनी हळदकुंकू वाहिलं, पण कुणाच्या अंगात आलं नाही, म्हणून ते तेवढ्यावरच राहिलं. सरकारचा ओव्हरशियर मात्र पोरगेला होता, त्याला राहवलं नाही. त्यानं अंबाजोगाईला आपल्या ओळखीच्या सलीम सरांना निरोप धाडला. सर भूगर्भशास्त्र शिकवायचे. आणि सर बघेपर्यंत चरात टिकाव घालू नये, असा वरून हुकूम आला.

पाया थांबला म्हणजे बांध थांबला, बांध थांबला म्हणजे पाट्या पालथ्या. गावात कुजबुज सुरू झाली, की काम इथलं उठणार आणि सगळ्यांना दिंद्रुडच्या पुढं रस्त्याच्या कामावर पाठवणार, तट्ट्याच्या पालात राहायला. साखराबाई, जिच्या घरी एकेकाळी सालगडी होते, ती बायनाबाईच्या खोपटाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आता तुज्यासारखंच गाढवावर बिऱ्हाड घालावं लागतंय बघ. शिकव बाई मला, चूल कुठं बांधायची गाढवाच्या." साखराबाईची जीभ अशीच. पण त्या दिवशी ती हसली नाही.

सलीम सर एसटीनं युसूफ वडगावपर्यंत आणि पुढं ओव्हरशियरच्या सायकलवर मागं बसून आले. बारीक माणूस, चष्मा, पँटीला धूळ. चरात उतरले आणि फरशीवर गाल टेकवून आडवेच झाले. त्या मोजमापात त्यांची संध्याकाळ झाली. उठले तेव्हा चेहरा उजळलेला होता, पण जिभेवर काळजी.

"फार झिजलंय हो," ते भगवानरावांना म्हणाले. "उन्हं तिरपी असली तरच दिसतं. फोटोत काय येणार? हे स्वच्छ दिसलं असतं ना, तर एका दिवसात निकाल लागला असता. आता हैदराबादची मोठी माणसं आणून दाखवावी लागतील. ती कधी येतील देव जाणे."

"तंवर काम?"

"तोवर इथं हात लावायचा नाही. मी पुढच्या बाजाराला येतो पुन्हा, चांगला कॅमेरा घेऊन."

माणूस ऐकतो ते कानानं, पण धरतो ते गरजेनं. सर एवढं बोलले, त्यातलं भगवानरावांनी एकच धरलं, की स्वच्छ दिसलं असतं तर एका दिवसात निकाल. मग स्वच्छ दिसायला काय पाहिजे? रात्रभर त्यांच्या डोक्यात हेच. आणि सकाळी ते चेअरमन झाल्यापासून पहिल्यांदा बायनाबाईच्या खोपटाशी आले.

"बायने, जातं गुळगुळीत झालं की तू काय करतीस?"

"टाकी लावती अण्णा."

"मंग ह्या पावलांला बी लाव. सायबाला दिसंना गेलंय. चांगली उठली पायजेत, लांबून दिसली पायजेत."

"सायबानं सांगितलं का तसं?"

"सायबाला काय पायजे ते मला कळतंय. तू कावून काळजी करतीस?"

बायनाबाई म्हणाली, "आन माजं नाव?"

भगवानरावांनी लगेच डोक्यावरची टोपी नीट केली. "काम झालं, सायेब खूश झाला, की येत्या मीटिंगला तुजं नाव सोसायटीत. त्रिंबक काय म्हणतो ते मी बघतो. माजा शबुद हाय."

बायनाबाईनं तोंडाला पाणी लावलं, पदर खोचला आणि छिन्नीची पिशवी घेऊन चरात उतरली.

दगडाला हात लावल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, ही तिच्या सासऱ्याची, धोंडीरामची शिस्त. तिनं पावलाभोवती तळवा फिरवला. आणि फिरवता फिरवता थांबली. फरशी दिसायला सपाट, पण तळव्याखाली खडबड. जवळून बघितलं तर बारीक बारीक ठिपके, सगळीकडं, पावलाच्या आत आणि बाहेरही. कडा बोथट झालेल्या, पण ठिपके ते ठिपकेच. आयुष्यभर जे पाडत आली, ते तिला ओळखू येणार नाही होय? ही टाकी होती. फार जुनी, झिजलेली, पण टाकी. तिनं दुसरीकडं हात फिरवला. तिकडंही तेच. आणि सगळे ठिपके जरासे एकाच अंगाला कललेले. धोंडीरामची टाकी अशीच कलायची. डाव्या हातानं मारायचा तो.

तिच्या हातातून छिन्नी खाली ठेवली गेली. तिला फार आनंद झाला होता, इतका, की काय करावं सुचेना. म्हणजे ही पावलं कुणी घडवलेली होती. आणि घडवणारं माणूस आपल्यातलं होतं, ह्याच ओढ्यात बसून, ह्याच उन्हात. खापरवाडीचं पहिलं घर उभं राहिलं त्याच्याही आधी केव्हातरी. त्रिंबक विचारतो मूळ गाव कंचं. हे घे म्हणावं, हात लावून बघ.

दुपारी साखराबाई पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा तिनं तिला सांगितलं. साखराबाईनं ठिपके बघितले, बोट लावून बघितलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "माज्या पाट्यावर तू पाडतीस तसंच हाय. म्हंजी तुमी लोक आमच्या आदीचे म्हणायचे."

"मंग काय सांगती."

"मंग आमीच पावने की तुज्या गावात. ऱ्हाऊ देशील न्हवं बाई?"

"ऱ्हावा. पर त्रिंबकला न्हाई ठिवायची."

त्या दोघी हसल्या. असं बायनाबाई हसलेली गावानं बघितली नव्हती. ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर गेली. काहींनी मान डोलावली, काहींनी थट्टा केली, त्रिंबक म्हणाला की ठिपक्यांवरून रहिवासी ठरायला लागला तर उद्या देवीचे वण असलेला कुणीही येऊन बसेल. पण बोलताना त्याचा आवाज पहिल्यासारखा पक्का नव्हता.

मग तिनं काम केलं. असं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. जात्याची तळी हातभर, इथं पुरती फरशी. एकेक पाऊल तिनं खोल घेतलं, बोटांच्या कडा सरळ केल्या, टाचा गोल केल्या. आणि भोवतालचे ठिपके, तिच्या माणसांचे ठिपके, तेही एकेक करून जागवले, जसे होते तसेच, त्याच कलानं. त्यासाठी ती डाव्या हातानं मारायला शिकली. अंगठा फुटला. ओव्हरशियर त्या आठवड्यात तालुक्याला गेलेला, अडवायला कुणी नव्हतं. लोक काठावरून बघायचे आणि खरंच, लांबून पावलं दिसायला लागली. भगवानराव येऊन म्हणाले, "वा, आता कसं झ्याक दिसतंय."

शेवटच्या दिवशी ती चराच्या टोकाला आली. तिथं फरशी काठाच्या मातीखाली शिरत होती. तिनं सहज माती खरवडली, तर आत आणखी एका पावलाचं बोट निघालं. इतका वेळ मातीत झाकून असल्यानं ते झिजलेलं नव्हतं. कडा धारदार, भोवतीचे ठिपके तर असे, की काल कुणीतरी पाडलेत. काठ आणखी पाडला असता तर पुढची पावलंही निघाली असती. पण भगवानराव वरून म्हणाले, "बास आता बायने, सायेब उद्या येतोय, पसारा नको." तिनं ते बोट मातीनं पुन्हा झाकून ठेवलं. ज्याला टाकीची गरज नाही, त्याला उघडं कशाला ठेवा, कुणाचा पाय पडायचा.

सलीम सर ठरल्या दिवशी आले. कॅमेरा गळ्यात होता. अख्खं गाव काठावर जमलं होतं, भगवानरावांनी नारळसुद्धा आणून ठेवला होता. सर चरात उतरले, दोन पावलं चालले आणि उभे राहिले. मग खाली बसले. एका पावलाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. ती त्यांनी बराच वेळ बघितली.

"हे कुणी केलं?"

भगवानराव आभाळात ढग आहेत का ते बघायला लागले. त्रिंबकनं घसा साफ केला. ओव्हरशियरचा चेहरा उतरला होता.

"म्या केलं सायेब," बायनाबाई पुढं होऊन म्हणाली. तिला लपवायचं काही कारणच नव्हतं. "नीट झालंय का?"

सरांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या फुटलेल्या अंगठ्याकडं बघितलं. "नीट झालंय बाई," ते म्हणाले. "फार नीट झालंय." आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. उन्हानं असेल, असं लोकांना वाटलं. पण ते रडत होते.

ओरडणारा माणूस असता तर बरं झालं असतं, गावाला ओरडण्याची सवय होती. सर हळू बोलले. म्हणाले, ही कुणी घडवलेली पावलं नव्हती. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथं तळं होतं. तळ्याच्या काठच्या चिखलातून एक मोठं जनावर चालत गेलं. चिखल वाळला, वर गाळ बसला, त्याच्यावर तापलेला काळा फत्तर वाहत आला, आणि खाली तो चिखल भाजून दगड झाला. ती पावलं खरी आहेत, हे त्यांच्या झिजलेल्या कडांवरूनच सांगता आलं असतं. आता त्यांच्यावर छिन्नी आहे. आता कुणाला दाखवली तर तो म्हणेल, मागल्या आठवड्यात कोरलीत.

"पर टाकी तर आदीचीच व्हती सायेब," बायनाबाई म्हणाली. "जुनी. मी निस्ती जागवली. आमच्या माणसांची हाय ती."

"कसली टाकी?"

तिला ती दाखवता येईना, सगळीच तिनं जागवलेली. मग टिकावानं उडालेली एक खपली तिला कडेला पडलेली दिसली, तळहाताएवढी. ती तिनं उचलून सरांपुढं धरली. "ही बगा. हे ठिपके."

सरांनी खपली हातात घेतली. त्यांनी खाली बसून थोडी बारीक माती गोळा केली, बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं, चिखल केला आणि हातानं थापून सपाट केला. मग बोटं पाण्यात बुडवून त्यांनी वरून थेंब शिंपडले. दुसऱ्यांदा शिंपडताना हात तिरका धरला. चिखलावर बारीक बारीक ठिपके उठले, एका अंगाला कललेले. त्यांनी ती खपली शेजारी ठेवली.

दोन्हींमध्ये काही फरक नव्हता.

"पाऊस आहे तो बाई," सर म्हणाले. "ते जनावर गेलं आणि मागून पावसाची सर आली. फार मोठी नाही, वळवाची असेल. वारा ह्या बाजूनं होता, म्हणून थेंब तिरपे पडले."

तीन वर्षं गाव ज्याची वाट बघत होतं तो पाऊस दगडात पडलेला होता आणि आता त्याच्यावर छिन्नी होती. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं तिच्या," आणि तेही हळू.

"म्हंजी हितं कुणी बसलं न्हवतं?" बायनाबाईनं विचारलं.

"कुणीच नव्हतं."

"आमची माणसं?"

"तुमची नाही, ह्यांची नाही, माझी नाही. माणूसच नव्हता."

तिला कळलं. तिला पटायला वेळ लागला नाही, कारण चिखल तिच्या डोळ्यांसमोर होता आणि ठिपके ओळखण्यात ती चुकत नसे. फक्त एकदाच चुकली होती. डाव्या हातानं मारायला शिकली होती ती वाऱ्यासाठी. आतून एकदम रितं रितं वाटलं तिला, सटवाला बरडावर ठेवून परतताना वाटलं होतं तसं. आणि लाजही वाटली, पारावर एवढं बोलून बसल्याची. त्रिंबक काठावरून बघत होता, त्यानंही नजर वळवली.

सर उठले. पँटीचा चिखल झटकला. चराच्या टोकाकडं बघून त्यांनी एक शेवटची गोष्ट विचारली, आणि ती त्यांनी चेअरमनला नाही, ओव्हरशियरला नाही, तिलाच विचारली.

"बाई, तुम्ही टोकापर्यंत काम केलंय. तिकडं मातीत पुढं काही होतं का? एखादं पाऊल, छिन्नी न लागलेलं? एक जरी मिळालं तरी पुरे. मी हे सगळं काम थांबवून घेईन, मुंबई-हैदराबादहून माणसं आणीन."

बायनाबाईनं काठाकडं बघितलं. साखराबाई पाटी काखेला धरून उभी होती. तिच्या शेजारी अख्ख्या गावच्या बाया, प्रत्येकीच्या काखेला पाटी. माणसं येणार, बघणार, किती महिने जाणार कुणास ठाऊक, तोवर ह्या पाट्या कुठं जाणार? दिंद्रुडच्या पुढं, पालात. आणि भगवानराव. ते आता आभाळाकडं बघत नव्हते, सरळ तिच्याकडं बघत होते. त्यांना त्या बोटाबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण ती काय बोलते ह्यावर आपलं काय काय उभं आहे, एवढं त्यांना समजत होतं. तिलाही समजत होतं. दगडानं तिला गाव दिलं नव्हतं. देणार होती ती ही माणसं, आणि तीही आत्ता, नाहीतर कधीच नाही. दुसरीकडं हा माणूस, जो तिच्यावर ओरडला नव्हता, जो चिखलात बसून तिला पाऊस दाखवत होता. त्याच्याशी खोटं बोलणं तिला जड गेलं. इतकं जड तिला कधी काही गेलं नव्हतं.

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "फरशी तिथंच सरती. पुढं काळा फत्तर लागतो. मी खरवडून बगितलंय."

सरांनी मान हलवली. ओव्हरशियर म्हणाला, "चार गडी लावून काठ पाडून बघू का सर?"

"नको," सर म्हणाले. "ह्या दगडावर ह्यांच्याइतका हात कुणी फिरवलेला नाही. ह्या नाही म्हणतात म्हणजे नाही."

त्यांनी ती खपली रुमालात बांधली, बाकी काही घेतलं नाही. फोटोही काढला नाही. भगवानरावांनी चहाचा आग्रह केला, तो त्यांनी घेतला, कारण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. मग ओव्हरशियरच्या सायकलवर मागं बसून ते युसूफ वडगावच्या रस्त्याला लागले. काम पुन्हा सुरू करायला हरकत नाही, असं जाताना सांगून गेले.

सोसायटीची मीटिंग त्याच संध्याकाळी चावडीपुढं झाली. भगवानराव शब्दाला जागले, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्रिंबकनं पेन उघडलं आणि सवयीनं विचारलं, "गाव?"

"खापरवाडी लिव की बे," भगवानराव म्हणाले. "तिच्यामुळं काम टिकलं आपलं. दुसरं काय लिवणार?"

त्रिंबकनं लिहिलं. बायनाबाईनं अंगठा उठवला, फुटलेला, म्हणून दुसऱ्या हाताचा. साखराबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "झालीस बाई गावची. आता भांडायला मोकळी." सगळे हसले. बायनाबाईही हसली. तिला बरं वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी पाया भरायला घेतला. तळाला काळी चिकणमाती घालायची, पाणी मारायचं, चोपायची आणि वर बांध. बायांची रांग लागली. मुकादमानं मधून भरायला सांगितलं होतं, पण बायनाबाई पाटी घेऊन सरळ चराच्या टोकाला गेली.

"तिकडं कुठं?" मुकादम म्हणाला.

"हितं बी भरावंच लागंल की कवातरी."

त्यानं जाऊ दिलं, सभासद बाई होती. तिनं पाटी खाली ठेवली, वाकली आणि काठाची माती हातानं बाजूला केली. बोट तिथंच होतं. तिनं भोवती तळवा फिरवला. ठिपके टोकदार लागत होते, एका अंगाला कललेले.

"काय गं?" मागून साखराबाई म्हणाली. "काय लागलं?"

"काय न्हाई. फत्तर हाय," बायनाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या कुणाची पाटी त्याच्यावर पडायच्या आत तिनं आपली तिथं उपडी केली.